हिरव्या खुणेच्या पलीकडे
(तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात संगणक-वर्गाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



इंटरनेटवरील परस्परसंवादी पाठांच्या द्वारे आपण संगणकाची आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, लिहावयास शिकत आहात. मीही निवृत्तीनंतर याच मार्गाने ‘पायथॉन’ ही भाषा शिकू लागलो. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर दोन पावले पुढे असलेला सहाध्यायी म्हणून मी बोलत आहे.

ही पद्धत अगदीच नवी नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली ‘प्लेटो’ ही यंत्रणा सुरू झाली. विद्यार्थ्याने उत्तर द्यावे आणि ते बरोबर की चूक हे यंत्राने तत्काळ सांगावे, अशी तिची योजना होती. १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्झ या प्राध्यापकांनी विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांसही यावी म्हणून ‘बेसिक’ ही सोपी भाषा सिद्ध केली. २०११ मध्ये निघालेल्या ‘कोडकॅडमी’सारख्या संकेतस्थळांनी असे पाठ घरोघरच्या पडद्यावर आणले. चूक तत्क्षणी कळते आणि शंभरदा चुकले तरी यंत्र रागावत नाही, हा या पाठांचा मोठाच गुण होय.

परंतु त्यांत एक धोकाही आहे. माझ्या प्रत्येक धड्यापुढे हिरवी खूण उमटत होती. एके दिवशी शेजारच्या गवळीबुवांनी दुधाचा हिशेब करून मागितला. भाव लिटरला ४० रुपये, दूध ५ लिटर. मी कोऱ्या पडद्यावर आज्ञावली लिहिली, लिटरचा आकडा कळफलकावरून दिला आणि भावाने गुणले. उत्तर २०० यावयाचे, ते आले एकापुढे एक मांडलेले चाळीस पाच!

कारण असे की, कळफलकावरून आलेला ५ हा पायथॉनच्या लेखी संख्या नसून अक्षर असतो आणि अक्षराला ४० ने गुणले की ते ४० वेळा लिहिले जाते. त्याची संख्या करणारा शब्द धड्यात आयताच छापलेला होता. मी केवळ गाळलेली जागा भरीत आलो होतो. यंत्राने चूकही दाखविली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक नव्हतीच. गवळीबुवांनी हसून वही पुढे केली.

त्या दिवसापासून मी तीन नियम पाळतो. धडा संपला की तो मिटून तीच आज्ञावली कोऱ्या पडद्यावर लिहावी. ती चालविण्यापूर्वी उत्तर काय येईल ते कागदावर मांडावे. आणि चुकीचा संदेश आला तर घाबरून न जाता त्याची शेवटची ओळ प्रथम वाचावी. चुकीचा प्रकार तेथेच सांगितलेला असतो.

इंग्रजीची अडचण वाटत असल्यास मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातील मराठी पाठ पाहावेत. चित्रफीत पाहता पाहता तेच काम स्वतः करीत जावयाचे, अशी त्यांची रीत आहे.

मित्रहो, हिरवी खूण ही पाठ संपल्याची पावती आहे, विद्या आल्याची नव्हे. आपल्या गावचा एखादा लहानसा हिशेब ज्या दिवशी आपण कोऱ्या पडद्यावरून बिनचूक सोडवाल, त्या दिवशी शिक्षणाचा खरा आरंभ झाला असे समजा. गवळीबुवांचा हिशेब आता माझी आज्ञावली करते. मात्र वही त्यांनी अजून टाकलेली नाही, आणि ते योग्यच आहे.