पोलीस ठाण्याच्या दारातील साक्षीदार

(पोंभुर्णा येथील सभेत एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हक्कांची चर्चा निघाली की आपण संविधानाच्या कलमांविषयी बोलतो, मोर्चाविषयी आणि निवेदनाविषयी बोलतो. ते योग्यच आहे. परंतु आज मी आपल्या खिशातील मोबाईलविषयी बोलणार आहे. पोलिसांशी प्रसंग पडला असता त्या प्रसंगाचे चित्रण करण्याचा अधिकार आपणांस आहे काय, असल्यास तो कसा बजावावा, आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, एवढाच माझा विषय आहे. वीस वर्षांच्या आसपास वकिली केल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, गरिबाच्या बाजूने कायदा असूनही गरीब हरतो, तो बहुतेक वेळा पुराव्याअभावी हरतो.

शब्दाविरुद्ध शब्द

हे समजण्यासाठी आपणांस लांब जावयास नको. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. 1982 साली तो जिल्हा वेगळा होण्यापूर्वी ते आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात होते. 26 मार्च 1972 च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. तिचे नाव मी घेत नाही. ठाण्याबाहेर तिचे नातेवाईक उभे होते. आत दिवे मालवलेले होते आणि दार बंद होते. 1974 साली सत्र न्यायालयाने आरोपींस सोडले, 1976 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याची खूण नव्हती, हे त्या निकालाचे एक प्रमुख कारण होते. पुढे 1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. कायदा बदलला ही मोठी गोष्ट झाली. परंतु त्या मुलीला न्याय मिळाला नाही, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

ह्या खटल्याचा धडा काय? बंद दाराआड एकीकडे निरक्षर मुलीचा शब्द होता आणि दुसरीकडे गणवेशाचा शब्द होता. ठाण्याची दैनंदिनी पोलीस लिहितात, पंचनामा पोलीस लिहितात, जबाबही पोलीसच लिहितात. आपल्या बाजूने कोण लिहितो? कोणीच लिहीत नाही.

11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार होऊन दहा माणसे मृत्युमुखी पडली. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता म्हणून गोळी झाडावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला. मनोहर कदम ह्या अधिकाऱ्यास न्यायालयाने दोषी ठरविले ते 2009 साली, म्हणजे बारा वर्षांनी. त्या काळी वस्तीतल्या माणसाच्या हाती कॅमेरा नव्हता.

आता तो आहे. 25 मे 2020 रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीय गृहस्थाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ही वैद्यकीय घटना म्हणून सांगितली होती. सतरा वर्षांच्या एका मुलीने रस्त्यावर उभे राहून केलेले चित्रण पुढे आले आणि वर्षभराच्या आत तो पोलीस खुनाबद्दल दोषी ठरला. आपल्याकडे डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर वस्त्यांत पोलिसांनी जी कारवाई केली, तिच्या चित्रफिती लोकांच्या मोबाईलमुळेच महाराष्ट्राने पाहिल्या. परंतु सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी 15 डिसेंबरला कोठडीत असताना मरण पावला, आणि कोठडीच्या आत कोणाचाही मोबाईल पोचत नाही. गुन्हा नोंदविण्याचा आदेश उच्च न्यायालयाकडून मिळण्यास जुलै 2025 उजाडले. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथेही हरले.

कायदा काय सांगतो

आपणांस पहिली भीती घातली जाते ती अशी की, "ठाण्यात चित्रण करणे हा गुन्हा आहे." वर्ध्याच्या एका नागरिकावर 2018 साली ह्याच कारणासाठी 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदविला गेला. जुलै 2022 मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. त्या अधिनियमातील 'प्रतिबंधित स्थान' ह्या शब्दांच्या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. 2024 साली पाथर्डी ठाण्यातील ध्वनिमुद्रणाच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही हेच मत दिले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्ती ह्यांचे दृक्श्राव्य चित्रण पोलिसांनी स्वतः केलेच पाहिजे, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठविले पाहिजे. तेव्हा दारूसाठी घराची झडती घेण्यास कोणी आला, तर नम्रपणे विचारा, "साहेब, कलम 105 चे चित्रण सुरू झाले काय?"

तिसरी गोष्ट ठाण्यातील कॅमेऱ्यांची. 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, आवाज टिपणारे कॅमेरे बसविण्याचा व चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. जेथे तशी सोय नाही तेथेही किमान एक वर्ष ते जपावयाचे आहे. मारहाण झाली असेल तर वेळ, तारीख आणि जागा लिहून त्या चित्रणाची मागणी ताबडतोब करा. मुदत टळली की पुरावा गेला.

चौथी गोष्ट अत्याचार प्रतिबंधक कायद्याची. त्याच्या कलम 15अ च्या दहाव्या पोटकलमाप्रमाणे ह्या कायद्याखालील गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे चित्रण व्हावयास हवे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकसेवकास कलम 4 खाली शिक्षा आहे. "तुम्ही बौद्ध झालात, तुम्हाला हा कायदा कसा लागू?" असे कोणी विचारले, तर 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश झाला आहे, एवढे उत्तर पुरे.

चित्रण कसे करावे

अधिकाराचा वापर शिस्तीने झाला तरच तो टिकतो. म्हणून काही नियम सांगतो.

चित्रण उघडपणे आणि अंतर राखून करा. पोलिसाच्या वाटेत उभे राहू नका, त्याच्या अंगाला हात लावू नका, शिवी देऊ नका. अडथळा आणल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 खाली लागतो आणि बळाचा वापर केल्यास कलम 132 लागते. मागे सरा असे कायदेशीर कारणाने सांगितले तर मागे सरा, आणि तेथून चित्रण चालू ठेवा.

प्रथम जागा आणि तारीख मोठ्याने उच्चारा. अधिकाऱ्याच्या छातीवरील नावाची पट्टी आणि गाडीचा क्रमांक टिपा. अटक होत असेल तर अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या किंवा गावातील प्रतिष्ठित साक्षीदाराची सही, आणि अटकेचे कारण सांगितले की नाही, हे सर्व चित्रणात येऊ द्या. साक्षीसाठी स्त्रीला तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, हे कलम 179 आहे. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करावयाची तर कारण अपवादात्मक हवे, अधिकारी स्त्री हवी, आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी.

आपल्या रानातल्या गावांत अनेकदा नेटवर्क नसते. चित्रणास नेटवर्क लागत नाही. बॅटरी तेवढी भरलेली ठेवा. मूळ फाईल कापू नका, तिच्यावर गाणे घालू नका. व्हॉट्सॲपवर पाठविलेली प्रत दबलेली असते, ती मूळ समजू नका. एक प्रत मेमरी कार्डवर काढून विश्वासू माणसाकडे द्या. मोबाईल जप्त केला तर जप्तीचा पंचनामा मागा.

न्यायालयात काय लागते? जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले की, मूळ यंत्र त्याच्या मालकाने स्वतः साक्षीस उभे राहून हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत हजर करावयाची असेल तर मात्र ते लागतेच. आज ते साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे द्यावयाचे असते. म्हणून प्रकरण निकाली निघेपर्यंत तो मोबाईल विकू नका आणि बदलूही नका.

मर्यादा

चित्रफीत मिळाली की ती चारही दिशांना पाठविण्याचा मोह होतो. तो आवरा. अत्याचारित स्त्रीची किंवा बालकाची ओळख पटेल असे चित्र पसरविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याहूनही ती त्या जीवाची दुसरी विटंबना आहे. चित्रफीत प्रथम वकिलाकडे द्या. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर कलम 173 प्रमाणे लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जा. चित्रफितीसोबत पाहणाऱ्या माणसांची साक्ष आणि वैद्यकीय तपासणीचा कागद हवाच. केवळ चित्राने खटला उभा राहत नाही.

प्रामाणिक पोलिसाला ह्या चित्रणाची भीती बाळगण्याचे कारण नाही. खोट्या आरोपातून ते त्यालाही सोडवू शकते. भीती त्यालाच वाटेल, ज्याला दिवे मालवून काम करावयाचे आहे.

वाचकहो, पोंभुर्णा तालुक्यातील प्रत्येक गावात निदान दोन मुलांनी आणि दोन मुलींनी ही कलमे पाठ करावीत, वडीलधाऱ्यांना समजावून सांगावीत, आणि ठाण्याच्या पायरीवर कोणालाही एकटे जाऊ देऊ नये. देसाईगंजला त्या रात्री बाहेर उभ्या असलेल्या आप्तांच्या हाती काहीच नव्हते. आपल्या हाती आज काहीतरी आहे. ते शिस्तीने वापरा.