विमाने वाढली, वैमानिक संपले

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लढाऊ वैमानिकांविषयी आपल्याकडील तरुणांतही एक सुप्त आकर्षण आढळते. एरिख हार्टमानच्या नावावर ३५२ विमाने पाडल्याची नोंद आहे, मेसरश्मिट २६२ हे जेट विमान जर्मनांनी रणांगणात उतरवले, हे ऐकले की ऐकणारा दिपून जातो; आणि मग ‘हिटलरने थोडे शहाणपण दाखवले असते तर?’ हा प्रश्न ठरलेला. या जर-तरचा विचार आज अर्थशास्त्राच्या अंगाने करू.

१४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बॉलबेअरिंग कारखान्यांवरील हल्ल्यात अमेरिकेने ६० बाँबफेकी विमाने गमावली. संरक्षक विमानांचा पल्ला तेथवर नव्हता. १९४४ च्या आरंभी जादा टाक्या लावलेली मस्टँग विमाने बर्लिनपर्यंत सोबत करू लागली आणि पारडे फिरले.

यावर नाझी राजवटीने काय केले? १ मार्च १९४४ रोजी लढाऊ विमानांच्या उत्पादनासाठी खास यंत्रणा उभारली आणि कामाचा आठवडा ७२ तासांचा केला. १९४३ मध्ये सुमारे २५ हजार विमाने तयार झाली होती. १९४४ मध्ये सुमारे ४० हजार. केवळ आकडा पाहणारा याला चमत्कारच म्हणेल.

परंतु विमान चालवायचा माणूस कारखान्यात तयार होत नाही. युद्धाच्या पूर्वार्धात जर्मन उमेदवाराला सुमारे २४० तासांचे उड्डाण-शिक्षण मिळे. १९४४ च्या उत्तरार्धात ते ११० तासांवर आले. त्याच्यासमोर येणारा अमेरिकन वा ब्रिटिश वैमानिक त्याच्या तिप्पट तास शिकून आलेला असे. १९४४ च्या पहिल्या पाच महिन्यांत जर्मनीने जेवढे लढाऊ वैमानिक गमावले, त्यांची संख्या त्या दलाच्या सरासरी संख्याबळाइतकीच होती. हार्टमानचा विक्रमही या प्रकाशात पाहावा. दोस्तांकडे अनुभवी वैमानिकाला ठरावीक कामगिरीनंतर मागे घेऊन शिकवायला लावीत. जर्मन वैमानिक बहुधा मरेपर्यंत वा जायबंदी होईपर्यंत लढत राही. मोठ्या आकड्यांमागे कौशल्य होते, तशी ही उधळपट्टीही होती.

दुसरी गोष्ट इंधनाची. मे १९४४ पासून दोस्तांनी कृत्रिम तेलाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू केले. या कारखान्यांतील विमान-पेट्रोलचे उत्पादन एप्रिलमध्ये १,७५,००० टन होते. जुलैत ३०,००० आणि सप्टेंबरात ५,००० टन उरले. विमाने रांगेने उभी होती, आणि शिकाऊ मुलांना सरावापुरतेही पेट्रोल नव्हते.

मग जेट? हिटलरने त्याचे बाँबफेकी विमान करण्याचा हट्ट धरला म्हणून उशीर झाला, असे सांगतात. खरी अडचण इंजिनाची होती. निकेल आणि क्रोमियम यांची टंचाई असल्याने ते इंजिन दहा ते पंचवीस तासांत निकामी होई. सुमारे १,४०० जेट विमाने बांधली गेली. त्यांपैकी थोडीच प्रत्यक्ष लढली.

आणि ती बांधली कोणी? ऑस्ट्रियातील गुझेन छळछावणीच्या कैद्यांनी डोंगरात बोगदे खोदले आणि तेथेच या विमानांचे सांगाडे तयार केले. हजारो कैदी उपासमारीने, मारहाणीने आणि श्रमांनी मेले. थुरिंगियातील कालाजवळच्या भूमिगत कारखान्यात इटली, पोलंड, सोव्हिएत संघ येथून आणलेले वेठबिगार राबत होते. ज्याला आपण ‘जर्मन तंत्रज्ञानाचा चमत्कार’ म्हणतो, त्याच्या खर्चाच्या बाजूला ही माणसे मांडलेलीच नसतात.

वैमानिकांचे धैर्य मी नाकारीत नाही. खाली त्यांची शहरे जळत होती. हँबुर्गमध्ये जुलै १९४३ च्या हल्ल्यांत तीस हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्या संहाराचे समर्थन करण्याचे आपल्याला कारण नाही. पण जानेवारी १९४५ मध्ये ल्युत्सोव्ह आदी नामांकित वैमानिक गोअरिंगसमोर उभे ठाकले, तेव्हा त्यांची तक्रार वायुदलाच्या नेतृत्वाविषयी होती. विमाने घडवणाऱ्या कैद्यांविषयी नव्हती. शौर्य कोणाच्या सेवेत रुजू आहे, हा प्रश्न शौर्याने सुटत नाही.

तेव्हा ‘थोडे शहाणपण’ दाखवून ही राजवट वाचली असती, हा भ्रम सोडावा. माणसाला कच्चा माल मानणे हीच तिची रीत होती. कैदी बोगद्यात संपला, अर्धशिक्षित पोरगा आकाशात. उत्पादनाचा आकडा कोणी अभिमानाने पुढे केला, की आपण तीन गोष्टी विचाराव्यात: हे कोणी घडवले, कोण वापरणार, आणि यासाठी कोणाच्या तोंडचे काय काढून घेतले?