नाताळचें झाड : खरें कीं कृत्रिम?

डिसेंबर उजाडला कीं इंग्लंड-जर्मनींतील कित्येक घरांत एक वाद हटकून निघतो : यंदा नाताळचें झाड खरें आणावयाचें, कीं कृत्रिम? पूर्वीं हा केवळ हौसेचा व खर्चाचा प्रश्न होता. अलीकडे त्याला सदसद्विवेकाचें वळण लागलें आहे. एक म्हणतो, प्लॅस्टिक घरांत नको. दुसरा म्हणतो, चार दिवसांच्या शोभेसाठीं जिवंत झाड कां तोडावें? दोघेहि निसर्गाचाच कैवार घेऊन भांडतात, त्यामुळें निवाडा करणें कठीण जातें.

चाल जुनी आहे. स्ट्रासबुर्ग येथें दिवाणखान्यांत फर वृक्ष उभारून त्यांना कागदी गुलाब व सफरचंदें लावीत, अशी १६०५ सालची नोंद आहे. इंग्लंडांत ती सर्वत्र फैलावली, ती १८४८ सालीं एका सचित्र साप्ताहिकानें व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचें झाडासह चित्र छापल्यावर. कृत्रिम झाडहि आजकालचें नव्हे. एकोणिसाव्या शतकांतच जर्मन लोक हंसाचीं पिसें हिरवीं रंगवून, तीं तारेवर गुंडाळून फांद्या बनवीत. पिसांच्या जागीं आतां प्लॅस्टिक आलें, आणि माल बहुतेक चीनमधून येतो.

खरें झाड रानांतून तोडून आणतात, हा मात्र गैरसमज आहे. तें शेतांतलें पीक आहे. माणसाहून थोडें उंच होण्यास त्याला आठ-दहा वर्षें लागतात. युरोपांत मोठी मागणी नॉर्डमन फर या जातीला; कारण तिच्या सुया लवकर गळत नाहींत. शेतें डेन्मार्कांत, पण बीं पुष्कळसें येतें तें जॉर्जिया देशांतील राचा प्रांताच्या डोंगरांतून. या झाडाचा शंकु पिकला कीं फांदीवरच विस्कटतो व बीं वाऱ्यावर उडून जातें; म्हणून तो खालीं पडण्याची वाट पाहतां येत नाहीं. शेंड्यावरच जावें लागतें. तेथील माणसें तीस-तीस मीटर उंच चढून शंकु तोडतात. कित्येक जण दोराशिवाय चढत आले आहेत, आणि पडून मेलेहि आहेत. दिवाणखान्यांतल्या वादांत या माणसांचें नांव कोणी काढीत नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजाप्रमाणें दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडापायीं ४० किलो कार्बन-डाय-ऑक्साइडइतका भार हवेवर पडतो. खरें झाड कचऱ्याच्या खड्ड्यांत गेलें तर १६ किलो, कारण हवेवांचून कुजतांना त्यांतून मिथेन निघतो. तेंच जाळलें अगर भुगा करून बागेंत पसरलें तर साडेतीन किलो. म्हणजे नीट विल्हेवाट लावणाऱ्या घराशीं बरोबरी करण्यास कृत्रिम झाडानें बारा नाताळ तरी पाहिले पाहिजेत. खड्ड्यांत फेकणाऱ्या घराशीं तीन पुरेत. निकाल दुकानांत लागत नाहीं, जानेवारींत लागतो.

माझें मत विचाराल, तर माळ्यावर जुनें कृत्रिम झाड असल्यास तेंच दरवर्षीं काढावें, त्याला टक्कल पडलें असलें तरी. नवें घेऊं नये. खरें आणणाऱ्यानें विक्रेत्याला विचारावें, बीं कोठलें, आणि चढणाऱ्याला दोर होता काय? उत्तर बहुधा मिळणार नाहीं. तरीहि विचारावें; कांहीं खरेदीदार आतां दोर, पट्टे व शिक्षण देऊं लागले आहेत, तें कोणीतरी विचारलें म्हणूनच.

आपल्याकडे वसई, मुंबई, गोमंतक येथें फर वृक्ष उगवत नाहीं. तेथें सुरूची फांदी सजविण्याचा प्रघात आहे. कांहीं घरांत कुंडींतला अरोकेरिया असतो. तो मूळचा दक्षिण पॅसिफिकमधला, पण कुंडींत वर्षानुवर्षें जगतो आणि सण सरला कीं परत गच्चीवर जातो. कुंडी दोघांनीं मिळून उचलावी लागते, एवढीच काय ती अडचण.