खर्चाची मर्यादा आणि पाणी सोडणारा माणूस



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पुढचे कायदे आणि हिशेब मी कामगारांच्या पगारपत्रकांवर शिकलो. तेव्हा आजचा विषयही पगारापासूनच सुरू करतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावचा, नळयोजनेचा पंप चालवणारा माणूस माझ्याकडे आला. पाच महिन्यांचा पगार थकला होता. मी जाऊन ग्रामपंचायतीचे खाते पाहिले, तर खात्यात पैसे होते! सरपंच म्हणाले, "भाऊ, पैसे आहेत, पण पगारावर खर्चता येत नाहीत." ते खोटे बोलत नव्हते.

पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीने १९६१ साली अहवाल दिला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. १९९३ साली ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान मिळाले. कामे गावाकडे आली. परंतु पंचायतीने कोणता कर किती मर्यादेत बसवायचा, हे घटनेने विधिमंडळाच्याच हाती ठेवले. वरून येणाऱ्या पैशालाही दावे असतेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेले होते. उरलेले ४० टक्के मोकळे. पण पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून वर्ज्य!

म्हणजे रस्ता करा, नाली बांधा. पगार मात्र मुख्यतः घरपट्टी-पाणीपट्टीतून भागवा. आणि ज्या वर्षी कापूस बुडतो, त्या वर्षी घरपट्टी यायची कुठून? पाऊस शेतकऱ्याला दगा देतो आणि चूल पंपवाल्याचीही विझते.

मर्यादाच नको, असे मी म्हणणार नाही. ती नसती तर कित्येक गावांचा पैसा पुढाऱ्यांच्या भाच्यापुतण्यांच्या नेमणुकांतच गेला असता. माझे म्हणणे एवढेच की, पाणी सोडणाऱ्याची मजुरी ही पाण्याचीच किंमत आहे. तिला आस्थापनेच्या सदरात ढकलू नका. माणसे किती असावीत ते नियमाने ठरवा, हिशेब ग्रामसभेत वाचा. पण मंजूर माणसाचे किमान वेतन अनुदानातून देण्याची मोकळीक ठेवा.

आपणही पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा : आपल्या पंपवाल्याला शेवटचा पगार कधी मिळाला? उत्तर मिळेपर्यंत जागचे उठू नका.