यंत्र आणि अक्षर



दिवसभराचा उकाडा सोसून संध्याकाळी आपण या मांडवात येता, ते इतिहास, तत्त्वज्ञान, राजकारण अशा भारदस्त विषयांवर चार शब्द ऐकण्यासाठी. अशा ठिकाणी ‘सुरू न होणारा लॅपटॉप आणि त्यातल्या फाइली’ हा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला संकोच वाटतो. चिटणीसांना आम्ही विषय कळवला तेव्हा त्यांनीही हसून विचारले, “हा विषय व्याख्यानमालेचा की दुरुस्तीच्या दुकानाचा?” आम्ही म्हटले, दुकानात यंत्राचा विचार होतो; यंत्रात काय ठेवले आहे याचा विचार मात्र घरच्या माणसांनाच करावा लागतो. तो आज करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

या विषयात आमचा अधिकार विद्वानाचा नव्हे, ठेच लागलेल्या माणसाचा आहे. दहाबारा वर्षांपूर्वी आमच्या घरचा लॅपटॉप एके दिवशी बंद पडला. त्यात आमच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दोन दिवाळ्यांच्या सुटीत तिला समोर बसवून आम्ही त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. यंत्र दुरुस्तीला दिले. दुकानदाराने विचारले, “सुरू करून हवा ना?” आम्ही “हो” म्हणालो. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप परत आला. नव्यासारखा चालत होता आणि नव्यासारखाच रिकामा होता. दुकानदाराला दोष कसा द्यावा? आम्ही चालू यंत्र मागितले, त्याने चालू यंत्र दिले. ओव्या मागायचे आमच्याकडून राहून गेले. आई त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती.

तेव्हापासून आमच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे आणि आजच्या व्याख्यानाचे सार तेच आहे. यंत्र सुरू करणे हे एक काम आहे आणि त्यातले अक्षर वाचवणे हे दुसरे. दोन्ही कामे एक समजली की घात होतो. अक्षराचे काम आधी, यंत्राचे मागून.

हे दोन वेगळे कसे, ते थोडक्यात पाहू. लॅपटॉपमध्ये विचार करणारा भाग निराळा, चित्र दाखवणारा पडदा निराळा आणि आपण लिहिलेले साठवणारी डिस्क निराळी. घरातली वीज गेली म्हणून फडताळातल्या वह्या जळत नाहीत. तसेच पडदा काळा पडला म्हणून डिस्कवरचे अक्षर पुसले जात नाही. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने फिरत्या चकत्यांची पहिली डिस्क विक्रीस आणली, तेव्हा तर ही विभागणी डोळ्यांना दिसत होती. चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या, वजन सुमारे एक टन, आणि एवढ्या धुडात मावत सुमारे ५० लाख अक्षरे. आज ते कपाट तळहाताहून लहान झाले आणि लॅपटॉपच्या पोटात लपले. म्हणून दोन्ही एकच, असा आपला समज होतो.

आता यंत्र सुरू होत नाही, म्हणजे नेमके काय होत नाही? वैद्य नाडी पाहण्यापूर्वी दुखते कोठे ते विचारतो. येथे तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार असा की, बटण दाबले तरी दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, काहीच होत नाही. येथे संशय विजेचा धरावा. भिंतीवरचा सॉकेट बदलून पाहावा, चार्जरची वायर कोठे पिचली आहे का ते पाहावे, त्याच मापाचा दुसरा चांगला चार्जर मिळाल्यास तो लावून पाहावा. मग जोडलेली सर्व उपकरणे आणि चार्जर काढावा, बॅटरी निघण्यासारखी असल्यास तीही काढावी, आणि सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत साचलेला विद्युत्भार त्याने निघून जातो. त्यानंतर नुसता चार्जर लावून पाहावे. कित्येक यंत्रे एवढ्यानेच जागी होतात.

दुसरा प्रकार म्हणजे दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळाच. अशा वेळी अंधारात पडद्यावर विजेरीचा झोत तिरका धरून बारकाईने पाहावे. पुसट चित्र दिसले तर यंत्र चालू आहे, फक्त पडद्यामागचा दिवा गेला आहे. किंवा घरच्या दूरदर्शन संचाला केबलने लॅपटॉप जोडावा. तेथे चित्र उमटले तर फाइली लगेच बाहेर काढून घेता येतात. चित्र कोठेच उमटले नाही, तर पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. जाणत्याने ती काढून नीट बसवली की काम भागते. काही यंत्रे सुरू होताना ठराविक वेळा ‘टूं टूं’ करतात किंवा दिवा लुकलुकवतात. ते मोजून ठेवावे. त्या खुणांचा अर्थ कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. कंपनीचे नाव पडद्यावर येते, ठिपक्यांचे चक्र फिरू लागते आणि फिरतच राहते. किंवा यंत्र स्वतःच म्हणते की, मी दुरुस्ती करू पाहतो, पण जमत नाही. येथे एकतर विंडोज बिघडलेले असते किंवा डिस्क थकलेली असते. आणि नेमक्या याच वेळी यंत्र आपल्यापुढे ‘रीसेट’ची वाट ठेवते. माणूस वैतागलेला असतो, बोट पुढे जाते. श्रोतेहो, ते बोट मागे घ्या. फाइलींची प्रत हाती येईपर्यंत रीसेट नाही, फॉरमॅट नाही आणि विंडोज नव्याने घालणेही नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एक निवृत्त शिक्षिकाबाई कापडी पिशवीत लॅपटॉप गुंडाळून आमच्याकडे आल्या. हाच तिसरा प्रकार होता. म्हणाल्या, “भाऊ, हा सुरू होईल का?”

आम्ही म्हटले, “बाई, सुरू होण्याचे मागून पाहू. यात आहे काय, ते आधी सांगा.”

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “यांचे पुस्तक आहे.”

त्यांच्या यजमानांनी सहा वर्षे खपून आपल्या गावच्या विहिरींचा आणि पाणवठ्यांचा इतिहास लिहिला होता. दोनशेच्या वर पाने झाली होती. पुढे त्यांना पक्षाघात झाला; वाचा गेली, उजवा हात गेला. ते पुस्तक त्यांच्याकडून पुन्हा लिहून होणे नव्हते, आणि दुसरी प्रत कोठेही नव्हती.

आम्ही प्रथम कान लावला. डिस्क दोन जातींची असते. एकीत चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा त्याहून अधिक वेळा फिरतात, आणि वाचणारे टोक चकतीपासून इतक्या कमी अंतरावर तरंगते की, आपला केस त्यापुढे दहा हजार पट जाड ठरावा. अशा डिस्कमधून ‘टक् टक्’ किंवा घासल्याचा आवाज आला तर यंत्र तत्क्षणी बंद करावे आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक चकती ओरबाडली जाण्याची भीती असते. ती डिस्क घरी उघडू नये. बर्फाच्या कपाटात ठेवण्याचा उपायही कोणी सांगितला तरी करू नये. आत दव धरते. अशा डिस्केसाठी धूळविरहित खोली असलेल्या जाणत्या प्रयोगशाळेचा मार्ग धरावा. तो महाग आहे, म्हणून आत काय आहे याचे मोल आधी ठरवावे. दुसऱ्या जातीची डिस्क, एस.एस.डी., हिच्यात फिरणारे काही नसते. ती आवाज न करता जाते. तिच्यावरून एकदा पुसलेले परत मिळणे बहुधा अशक्यच असते.

बाईंच्या डिस्कचा आवाज साफ होता. चार्जर काढून, बॅटरीची जोडणी सोडवून आम्ही डिस्क बाहेर काढली आणि बाजारात मिळणाऱ्या लहानशा डबीत बसवून यू.एस.बी.च्या वायरीने आमच्या संगणकाला जोडली. लगेच पडद्यावर प्रश्न आला, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? त्या प्रश्नात वाईट हेतू काही नसतो; संगणकाला फक्त ओळख पटलेली नसते. पण ‘हो’ म्हटले असते तर सहा वर्षे धोक्यात आली असती. आम्ही ‘नको’ म्हटले.

मग लिनक्स या मोफत प्रणालीवर संगणक सुरू केला. ती यू.एस.बी. पेनवरून चालते, संगणकात बसवावी लागत नाही, आणि ‘बसवा’ असे ती विचारते तेव्हा नकार द्यायचा असतो. तिच्यात डीडी-रेस्क्यू नावाचे साधन चालते. त्याची रीत आम्हांला फार शहाणपणाची वाटते. ते आधी जे सहज वाचता येते ते सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते. अडेल तेथे अडून बसत नाही. सोपे संपल्यावर मग अवघड जागांकडे वळते. रात्रभर ते काम चालले. सकाळी थोडा भाग वगळता सारी डिस्क उतरली होती. पुढची सगळी खटपट आम्ही त्या प्रतीवर केली, मूळ डिस्केला पुन्हा हात लावला नाही. काही छायाचित्रे अर्धीच उघडली. पुस्तक मात्र पूर्ण उघडले.

हे सर्व येथे सांगितले ते आपण प्रत्येकाने स्क्रू-ड्रायव्हर हाती घ्यावा म्हणून नव्हे. काही सडपातळ यंत्रांत साठवणीचा भाग मुख्य पाटीवरच डाखलेला असतो. तो निघत नाही, तेथे पाटीच दुरुस्त करावी लागते. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नये, टोचू नये, यंत्राला वीज देऊ नये. चहा सांडला असेल तर आधी वीज तोडावी आणि सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. ही कामे जाणत्याची आहेत. पण जाणत्याकडे जाऊन बोलायचे वाक्य आपले आहे. “सुरू करून द्या” असे म्हणू नका. “यातल्या फाइली मला हव्या आहेत; त्या मिळेपर्यंत काही पुसू नका” असे म्हणा, आणि ते पावतीवर लिहून घ्या. आम्ही एवढे एक वाक्य बोललो असतो, तर कदाचित आजची ही कहाणी निराळी झाली असती.

आणखी एक सावधगिरी. अलीकडच्या अनेक यंत्रांत डिस्क कुलूपबंद असते. विंडोजमध्ये त्या कुलपाला बिटलॉकर म्हणतात आणि त्याची किल्ली ४८ अंकांची असते. चोराच्या हाती कागदपत्रे पडू नयेत म्हणून ते कुलूप चांगलेच आहे. पण किल्ली हरवली तर मालकही चोरासारखाच बाहेर उभा राहतो. यंत्र चालू आहे तोवरच ती किल्ली शोधून कागदावर उतरवून ठेवावी, आणि तो कागद यंत्राच्या पिशवीत ठेवू नये.

शेवटी मुद्दा उरतो तो प्रतींचा. आपल्या वाडवडिलांना हे नवे नव्हते. पोथी एकाच घरी राहिली तर वाळवी आहे, आग आहे, पूर आहे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून नकला होत आणि त्या गावोगाव जात. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. श्रद्धावंताला तीत चमत्कार दिसतो, आणि त्याच्या श्रद्धेस आम्ही हात लावत नाही. पण संताजी जगनाडे यांच्या हातच्या वह्या होत्या आणि लोकांच्या मुखी अभंग होते, ही गोष्टही तितकीच मोठी आहे. उलट १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा ज्या कागदांची दुसरी प्रत नव्हती ते गेले ते गेलेच.

पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे, ‘तीन, दोन, एक’. मोलाच्या फाइलीच्या प्रती तीन; त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर; आणि त्यांतली एक घराबाहेर, मग ती लेकीच्या घरी असो वा दूरच्या संगणकावर. मात्र एका ठिकाणी पुसले की दुसरीकडेही आपोआप पुसले जाते, अशी नुसती जुळवून ठेवणारी सोय म्हणजे प्रत नव्हे. आणि प्रत केली की ती वर्षातून एकदोनदा उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते.

बाईंच्या पुस्तकाचे पुढे काय झाले, ते सांगून आपली रजा घेतो. त्यांनी त्याच आठवड्यात पुस्तकाची छापील प्रत काढली आणि रोज दुपारी यजमानांच्या खाटेशी बसून थोडे थोडे वाचून दाखवू लागल्या. यजमान डोळे मिटून ऐकत. एके दिवशी एका ओळीवर त्यांनी डाव्या हाताचे बोट उचलले. बाई थांबल्या, ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली, पुन्हा बोट वर झाले. एका विहिरीचे नाव चुकले होते. ते आता तिन्ही प्रतींत दुरुस्त झाले आहे.

श्रोतेहो, आज घरी गेल्यावर, जेवणापूर्वी म्हणा की जेवणानंतर, आपल्या घरातली अशी एक फाइल शोधा की जी गेली तर पुन्हा लिहिता येणार नाही, पुन्हा ऐकता येणार नाही. आणि यंत्र चालू आहे तोवर तिची एक प्रत करा.