आयोगाचें दार आणि बाजूची खिडकी
(बीड जिल्ह्यांतील एका गांवीं पालकांपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्या गांवांतून दरसाल चारदोन पोरें परीक्षेच्या तयारीसाठीं पुण्याची वाट धरतात. इकडे बाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातो आणि उचलीच्या पैशांतून पोराच्या खोलीचें भाडें भरतो. म्हणून ज्या दारांत आपलें पोर उभें आहे, तें दार कोणीं बांधलें, हें आईबापांनीं जाणलें पाहिजे.

पूर्वीं कचेरींत एकजण शिरला, कीं मागून त्याचा भाचा, मग मेहुणा! शेतसारा भरणारा कुणबी मात्र ओट्याखालीं हात जोडून उभा. जोतीराव फुल्यांची तक्रार हीच होती. शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांस राखून दिल्या; पण तें कोल्हापुरापुरतें. पुढें १९३५ च्या कायद्यान्वयें १९३७ सालीं मुंबई व सिंध या दोन प्रांतांसाठीं एक लोकसेवा आयोग निघाला. आपला जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत. कचेरीची भाषा उर्दू. मराठी शिकलेल्या पोरानें अर्ज तरी कोणत्या तोंडानें करावा? १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० ला राज्य झालें, तेव्हां महाराष्ट्र लोकसेवा आयोगहि झाला.

आयोगाला राज्यघटनेनें मोठें कुंपण घातलें आहे. सभासदास गैरवर्तणुकीबद्दल काढावयाचें, तर सर्वोच्च न्यायालयाची चौकशी लागते. मंत्र्याच्या रागानें तो हालत नाहीं. त्याचा खर्च विधिमंडळाच्या मतावर टांगलेला नाहीं. आयोग शिफारस करतो, नेमणूक सरकार करतें. पण सल्ला न मानल्यास त्याचीं कारणें विधिमंडळापुढें ठेवावीं लागतात. मामाच्या चिठ्ठीपेक्षां हें शतपटीनें बरें.

आतां खिडकी पाहा. घटनेच्या कलम ३२० मध्येंच मुभा आहे, कीं कोणत्या जागांसाठीं आयोगास विचारण्याची गरज नाहीं, हें सरकारनें नियमानें ठरवावें. त्या मुभेनें गांवाच्या नित्य कामाच्या पुष्कळ जागा कुंपणाबाहेर गेल्या. त्यांच्यासाठीं २०१७ सालीं एक पोर्टल निघालें. पोरांनीं ओरड केली, तेव्हां २०२० सालीं बंद झालें. मग परीक्षा खासगी कंपन्यांकडे गेल्या. २०२३ ची तलाठी भरतीच घ्या. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांहून अधिक! ती भरती आयोगानें घेतली नव्हती. सातबारा ज्याच्या हातीं, तोच माणूस कुंपणाबाहेरून यावा, हें मला पटत नाहीं. साहेब निवडण्यास जी कसोटी, ती तलाठी निवडण्यास कां नसावी?

तुमच्या आमदारास हें विचारा. आणि पोरगा फी भरण्यास पैसे मागेल, तेव्हां आधीं जाहिरात वाचून घ्या: जागा आयोगाची कीं खात्याची, एकंदर किती, आपल्या वर्गास किती. मायमाउल्यांनो, वाचतां येत नसेल तर लाजूं नका. रविवारीं सकाळीं मी शाळेंत असतों. कागद घेऊन या.