मासा नामशेष का होतो?



नदी अडवली गेली किंवा दूषित झाली म्हणजे तिच्यातील सर्व मासे सारखेच संकटात येतात, असे वर्गात सहज सांगितले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. एकाच डोहातून एक जात नाहीशी होते आणि दुसरी तग धरून राहते. याचे कारण पाण्याइतकेच त्या माशाच्या शरीररचनेत व जीवनक्रमात असते.

मरळ हवेतील प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून आटत्या डबक्यातही जगतो; शिवाय तो पिलांची राखण करतो. महाशीराचे तसे नाही. तो सावकाश वाढतो. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाखाहून अधिक अंडी घालते, तर महाशीराची काही हजारच. ती घालण्यासाठीही तिला पावसाळ्यात प्रवाहाच्या वरच्या अंगाला, स्वच्छ वाहत्या पाण्यातील खडी-गोट्यांपर्यंत जावे लागते. वाटेत बंधारा आला की तो मार्गच खुंटतो. सुरुंगाच्या दारूने मोठे मासे मारले गेले, तर ती उणीव वर्षानुवर्षे भरून येत नाही.

मात्र केवळ मोठा देह घातक, असेही नव्हे. केरळ व दक्षिण कर्नाटकातील मोजक्या नद्यांत राहणारा ‘मिस केरळ’ हा मासा वीतभरही नसतो. पण क्षेत्र लहान आणि अंगावरचा लाल पट्टा देखणा, म्हणून शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी तो बेसुमार पकडला गेला.

मोठा देह व लहान क्षेत्र या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, ते कावेरीत दिसले. तेथील कुबडा महाशीर पन्नास किलोहून अधिक वाढतो, आणि कावेरीच्या खोऱ्याबाहेर तो कोठेही नाही. दख्खनचा महाशीर वेगळा. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली पुण्याकडील मुळा-मुठेच्या माशावरून त्याचे वर्णन केले आणि ‘खुद्री’ हे नावही येथल्याच लोकांच्या तोंडून घेतले. या दख्खनी जातीची बोटुकली लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागली व पुढे सद्हेतूनेच कावेरीतही सोडली गेली. महाशीर वाढावा, एवढाच त्यामागे उद्देश होता. १९९८ ते २०१२ या काळात गळाने धरून सोडलेल्या माशांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उपरा महाशीर वाढत गेलेला आणि मूळचा कुबडा घटत गेलेला आढळला. एवढ्या प्रचंड माशाची शास्त्रीय ओळखही २०१८ सालीच निश्चित झाली, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

गावच्या नदीत मत्स्यबीज सोडण्याच्या समारंभाला शाळेला बोलावणे येते. त्यापूर्वी मुलांनी गावातील वृद्ध भोयांकडून नदीतील माशांची नावे लिहून घ्यावीत. प्रत्येक नावापुढे तो मासा अंडी कोठे घालतो, काय खातो आणि शेवटचा केव्हा दिसला, हे नोंदवावे. ती वही शाळेच्या कपाटात राहावी व दरवर्षी पावसाळ्यानंतर तिच्यात भर पडावी.